कौलं फोडणाऱ्या मुलींच्या मुख्याध्यापकांना खुलं पत्र

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या सर्व शाळांचे मुख्याध्यापक, मुख्याध्यापिका व शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य

स. न. वि. वि.

तुमच्यापैकी पुष्कळ जण मला ओळखतात. मी ज्युदो शिकवते. तालुक्याच्या गावी माझा छोटा वर्ग आहे, आणि मुलींच्या आत्मरक्षणाच्या तासांसाठी आजूबाजूच्या शाळांतून माझं जाणं-येणं असतं. तुमच्या ऑफिसात बसून चहा घेतलाय, तास सुरू करण्याआधी तुमच्या मैदानावरचे खडे वेचलेत. तेव्हा हे पत्र कुणा बाहेरच्या माणसाचं आहे असं समजू नका.

शाळा सुटताना फाटकाशी एखादी आई, एखादे आजोबा हमखास गाठतात. "मॅडम, वेळ आली तर हे शिकलेलं पोरीच्या कामाला येईल ना हो?" मी तिथल्या तिथे काहीतरी उत्तर देते. पण खरं उत्तर द्यायची जबाबदारी तुमचीही आहे, कारण त्या तासाला काय शिकवायचं, एका वेळी किती मुली उभ्या करायच्या आणि शेवटी पाहुण्यांना काय दाखवायचं, हे तुमच्या सहीने ठरतं.

माझं म्हणणं थोडक्यात असं. कराटे, ज्युदो, तायक्वांदो, कुस्ती, यातलं काहीही शिकलेलं उपयोगी पडतं. मात्र ते खरोखर विरोध करणाऱ्या जोडीदारावर घासून शिकलेलं हवं, आणि आपल्या मुलींना ज्या माणसांकडून त्रास होतो ती माणसं डोळ्यांसमोर ठेवून शिकवलेलं हवं. आपल्या बहुतेक शाळांच्या मैदानावर सध्या यातलं काहीच होत नाही.

समग्र शिक्षा अभियानात रानी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण आहे. सहावी ते बारावीच्या मुली, तीन महिने, शाळेला महिन्याला ५००० रुपये. पैसे फार नाहीत, पण अगदी थोडेही नाहीत. या पैशांत काय होतं ते तुम्हालाही ठाऊक आहे. एक प्रशिक्षक चार-पाच शाळा धरतो. ऐंशी-नव्वद मुली रांगेत उभ्या राहतात, एक-दोन-तीन-चारच्या तालावर हवेत मुठी मारतात. मग २६ जानेवारी येते आणि कौलं येतात.

कौलांबद्दल एकदाच लिहिते आणि विषय सोडते. कौल दोन विटांवर टोकांशी टेकवलेलं असतं, मधे अधांतरी. भाजलेली माती दाब सोसते, ताण सोसत नाही. मधोमध फटका बसला की खालच्या अंगाने तडा जातो. चळतीत प्रत्येक कौलाखाली फट ठेवली की वरचं फुटून खालच्यावर आदळतं आणि फुटायला मदतच करतं. रॉकेल ओतून पेटवलं की टाळ्या वाढतात, बाकी काही बदलत नाही. मुलीचा भिडस्तपणा थोडा जातो, तिच्या आईचे डोळे भरून येतात, हे मला मान्य आहे. फक्त त्याला आत्मरक्षण म्हणून प्रमाणपत्र देऊ नका. कौल हात धरत नाही, तोंड दाबत नाही आणि "कुणाला सांगितलंस तर बघ" असंही म्हणत नाही.

आता आपल्याकडे काय घडतं ते पाहू. संध्याकाळची एसटी, अहिल्याबाई होळकर योजनेच्या पासवाल्या मुली दांड्याला धरून उभ्या, आणि मागे कुणीतरी गर्दीचा फायदा घेणारा. काळी-पिवळीत चौघांच्या बाकावर सहा जण. यावल-रावेरकडे केळीच्या बागेतून घराकडे जाणारी वाट. शाळेच्या कोपऱ्यावर मोटारसायकल लावून रोज उभा राहणारा तोच पोरगा. कापूस वेचणीच्या दिवसांत आई-बाप उजाडताच शेतात, मुलगी घरी एकटी, आणि "पाणी दे गं जरा" म्हणत ओट्यावर टेकणारा भाऊबंदांतला कुणी. लग्नाच्या मांडवामागची गडबड. माडीवरची शिकवणी.

या यादीत अनोळखी गुंड किती आहेत ते मोजा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा कुठल्याही अलीकडच्या वर्षाचा अहवाल उघडा: बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा आरोपी मुलीच्या ओळखीचा असतो. शेजारी, नातलग, घरी येणारा-जाणारा, लग्नाचं वचन दिलेला. आपण मात्र मुलींना अंधारातून उडी मारणाऱ्या माणसासाठी तयार करतो. तो माणूस नसतोच असं नाही. पण त्याच्या एकट्यासाठी तीनही महिने खर्च करायचे?

बरं, तो अंधारातला माणूस आलाच तरी हवेतल्या मुठी कितपत पुरतील? माझ्या तासाला मी पहिल्या दिवशी एक गोष्ट करते. मनगट सोडवण्याचा साधा डाव असतो; जवळजवळ प्रत्येक शाळेत मुलींना तो आधीच शिकवलेला असतो. जोड्या लावून मी म्हणते, दाखवा. एक मुलगी धरते, दुसरी हात फिरवते, पहिली सोडून देते. झकास. मग मी पकडणाऱ्या मुलींना बाजूला घेऊन हळूच सांगते, आता सोडायचं नाही, काहीही झालं तरी. पुन्हा करा. आणि मैदानावर सगळा गोंधळ उडतो. मुली ताठ उभ्या राहून हात सरळ मागे ओढतात, पकडणारी त्याच ओढीने पुढे येते, दोघी तशाच फरफटत जातात, कुणी हसायला लागतं, कुणाला रडू येतं. डाव चुकीचा नसतो. तो कधी खऱ्या पकडीवर करूनच पाहिलेला नसतो.

मग आम्ही तिथून सुरुवात करतो. हात मागे ओढू नका, कोपर स्वतःच्या पोटाशी आणा, समोरच्याच्या अंगठ्याच्या बाजूने वळवा, कारण पकडीत तीच जागा कच्ची. आणि हाताच्या जोराने करू नका, पाऊल टाकून सगळं अंग वळवा. एकीला जमलं की पकडणारी बदलायची, थोडी दांडगी मुलगी द्यायची. मग दोन हातांनी धरायचं. मग भिंतीला लावून धरायचं. आणि सुटल्यावर काय? मुली सुटतात आणि जागेवरच उभ्या राहून माझ्याकडे बघतात, मॅडम, जमलं! पुढचं पाऊल शिकवलेलं नसतं. आमच्याकडे सुटलेली मुलगी मैदानाच्या कडेला ठरवून दिलेल्या जागी पळाली, तिथे उभ्या असलेल्या बाईंना मोठ्याने काय झालं ते सांगितलं, तरच डाव पुरा धरला जातो.

आणखी एक गोष्ट, जी बघायला कुठल्याही बेल्टची गरज नाही. आपल्या मुलींच्या गणवेशाची ओढणी. ती घडी घालून दोन्ही खांद्यांवर सेफ्टी पिनांनी पक्की लावायचा तुमचा नियम आहे, शिस्तीसाठी. मागून कुणी ती ओढली तर ती निघून हातात येत नाही, गळ्यालाच फास बसतो आणि मुलगी पाठीवर पडते. मोटारसायकलच्या चाकात अडकली तरी तेच. एका बाजूची पिन काढून टाका, किंवा नुसती टाचणी लावा. आत्मरक्षणासाठी इतका स्वस्त उपाय मला दुसरा माहीत नाही. आणि तास पांढऱ्या कराटेच्या ड्रेसवर घेऊ नका. याच ओढणीत, याच चपलांत, पाठीवर दप्तर असताना घ्या. मुलीवर वेळ येते ती याच कपड्यांत येते. उंच लाथ सलवारीत, चिखलात, एका पायावर मारून बघा. मग त्या लाथेचं काय करायचं ते आपोआप कळेल.

हे विरोधावर घासून शिकणं म्हणजे माझ्या डोक्यातून निघालेली कल्पना नव्हे. जपानमध्ये जिगोरो कानो यांनी १८८२ साली तोक्योतल्या एका देवळात मूठभर शिष्य घेऊन ज्युदो सुरू केला. त्या काळच्या जुजुत्सूत, म्हणजे तिथल्या जुन्या झटापटीच्या विद्येत, एकाहून एक घातक डाव होते. पण ते घातक, म्हणून पुऱ्या जोराने कधी करता येत नसत, ठरवून दिलेल्या हालचालींतच घोटायचे. कानोंनी जोडीदाराला इजा करतील असे डाव मोकळ्या लढतीतून काढून टाकले आणि उरलेले रोज पुऱ्या ताकदीने, विरोध करणाऱ्या माणसावर करायला लावले. कमी घातक डाव शिकलेली पोरं जास्त घातक डाव पाठ केलेल्यांना भारी पडू लागली.

आपल्या आखाड्यात हे वेगळं सांगावंच लागत नाही. वस्ताद पठ्ठ्याला हवेत पट काढायला लावत नाहीत. जोर-बैठका झाल्या की लाल मातीत जोड लागते आणि समोरचा खराखुरा झगडतो. चाळीसगाव तालुक्यातल्या विजय चौधरींनी २०१४, २०१५ आणि २०१६ असे लागोपाठ तीनदा महाराष्ट्र केसरीचे मानकरी होऊन दाखवलं, ते खानदेशात कुस्ती अजून जिवंत आहे म्हणूनच. पण शाळा आत्मरक्षणाचा माणूस शोधते तेव्हा गावातल्या वस्तादांची आठवण कुणालाच होत नाही, कारण त्यांच्याकडे रंगीत पट्टे नसतात. धरलेल्या अंगाचा तोल कसा ओळखायचा, कुणी ढकललं तर पाय कसे रोवायचे, हे त्यांच्याइतकं चांगलं कुणी सांगणार नाही. यात्रेच्या दंगलीत आता मुलींच्या कुस्त्या लागतात, लोक बघायला गर्दीही करतात. मग शाळेत अडचण कसली? शंका असेल तर एक शिक्षिका पूर्ण वेळ हजर ठेवा, झालं.

कराटे-तायक्वांदोवाल्या माझ्या मित्रांनी रागावू नये. तुमच्यातल्या ज्या वर्गांत हातमोजे घालून खरे ठोसे लागतात, घाम निघतो, त्या वर्गातली मुलगी माझ्या वर्गातल्या मुलीपेक्षा ठोसा पचवायला सरस असते, हे मी पाहिलंय. पहिला फटका बसल्यावर हबकून न जाणं, ही मोठी शिकवण आहे. माझी तक्रार आहे ती नुसतं काता, म्हणजे एकट्याने करायच्या ठरलेल्या हालचाली, घोटून दर तीन महिन्यांनी परीक्षा फी घेणाऱ्या आणि पट्ट्याचा रंग बदलून देणाऱ्या दुकानांबद्दल. कराटेच्या बऱ्याच स्पर्धांतली सवयसुद्धा लक्षात घ्या: स्पर्श झाला की पंच थांबवतो, गुण मिळतो, खेळाडू मागे सरकतो. खेळ म्हणून ते योग्यच. रस्त्यावर मात्र एक फटका लागल्यावर थांबायची सवय घातक ठरू शकते. आणि ज्युदोचीही उणीव सांगते, नाहीतर म्हणाल बाई आपल्याच दुकानाची जाहिरात करतेय. जमिनीवर धरून ठेवणं आम्हाला आवडतं. पण डांबरी रस्त्यावर, समोरच्याचे दोन मित्र बाजूला उभे असताना, जमिनीवर जाणं म्हणजे लाथांना आमंत्रण.

ज्युदोतलं जे माझ्या विद्यार्थिनींना आयुष्यात सगळ्यात जास्त कामाला आलं ते म्हणजे पडणं. हनुवटी छातीशी, पाठ गोल, हात जमिनीवर सपाट. कुणावरही हा डाव वापरायचा नसतो. स्कुटीवरून घसरलेल्या, विहिरीच्या पायऱ्यांवर पाय सरकलेल्या मुली मला येऊन सांगतात, मॅडम, डोकं नाही आपटलं. ढकलून पाडलेल्या मुलीलाही तेच उपयोगी. तीन महिन्यांत ज्युदो येत नाही, कुणी येतो म्हणालं तर त्याला पैसे देऊ नका. पण पडणं येतं, मनगट आणि केस सोडवणं येतं, पाठीवर पडल्यावर पाय मधे घालून अंतर ठेवणं येतं.

आणि ओरडणं येतं. हा माझ्या मते सगळ्यात अवघड डाव.

मी मुलींना एका ओळीत उभं करते आणि सांगते, समोर पाहून, हात पुढे करून, मोठ्याने म्हणा: "मागे सरक!" पहिल्यांदा खुसखुस. दुसऱ्यांदा एक-दोन जणी, तेही जमिनीकडे बघून. कबड्डीच्या मैदानावर घसा फाडून ओरडणाऱ्या याच मुली. मग मी म्हणते, अहिराणीत म्हणा, घरी भावाला म्हणता तसं. मग कुठूनतरी येतं, "काय करी ऱ्हायना रे? मांगे सरक!" आणि सगळ्या हसत हसत सुटतात. पुस्तकी भाषेत राग येत नाही, हे एकदा कळलं की निम्मं काम होतं.

त्यानंतरची पायरी खरी कसोटीची. मी एका शिक्षिकेला सांगते, तुम्ही आता त्यांच्या वडिलांचे मित्र आहात, घरी आलात, खांद्यावर हात ठेवलाय आणि तो काढत नाही आहात. मनगट सोडवण्यात पटाईत झालेली दहावीची मुलगी तिथे गप्प उभी राहते. आप्पांना, नानांना, भाऊंना "हात काढा" कसं म्हणायचं? आपण जन्मापासून तिला मोठ्यांपुढे खाली बघायला शिकवलंय, त्याला छान वळण म्हटलंय. ते वळण आहे तसं राहू दे, पण त्यात एक अपवाद आहे हे तिला घरातल्या आणि शाळेतल्या मोठ्यांनीच मोठ्याने सांगायला हवं. प्रशिक्षकाने सांगून भागत नाही. मुख्याध्यापकांनी प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेपुढे सांगावं: अंगाला नको तिथे हात लावणारा कुणीही असो, आम्ही शिक्षकसुद्धा, त्याच्यावर ओरडलात म्हणून तुम्हाला कुणी उद्धट म्हणणार नाही.

कॅनडातल्या तीन विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या ८९३ विद्यार्थिनींवर एक नीट बेतलेला अभ्यास झाला, २०१५ मध्ये तो न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. निम्म्या मुलींना १२ तासांचं प्रशिक्षण दिलं, उरलेल्यांना नेहमीची माहितीपत्रकं. वर्षभरात बलात्काराला बळी पडलेल्यांचं प्रमाण माहितीपत्रकवाल्या गटात ९.८ टक्के होतं, प्रशिक्षण घेतलेल्यांत ५.२ टक्के. जवळजवळ निम्मं. आता त्या बारा तासांत काय होतं ते बघा. हाणामारीचा भाग थोडाच. बाकी बहुतेक वेळ ओळखीच्या माणसाच्या वागण्यातला धोका लवकर कसा ओळखायचा, "आपलाच माणूस आहे, कसं बोलू" ही मनातली अडचण कशी ओलांडायची, आणि मग ठामपणे काय करायचं, यावर. तिथल्या कॉलेजच्या मुली आणि आपल्या आठवीच्या मुली सारख्या नाहीत, तिथले आकडे इथे जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण वेळ कुठे घालवला याचा हिशेब आपल्याला घेता येतो. बारा तास आपल्या तीन महिन्यांत आरामात बसतात.

धडगाव-अक्कलकुव्याकडच्या आश्रमशाळांबद्दल दोन शब्द वेगळे. तिथल्या मुलींना ताकद शिकवायला जाऊ नका. डोंगर चढून पाणी आणणाऱ्या मुलीची पकड सोडवताना माझाच घाम निघतो. तिथे अडचण दुसरी. ज्याच्याकडे तक्रार घेऊन जायचं आणि ज्याच्या हातात जेवण, सुटी, घरी फोन लावणं हे सगळं असतं, तो माणूस एकच. अशा ठिकाणी लाथा-बुक्क्यांपेक्षा शाळेबाहेरच्या माणसापर्यंत पोहोचणारा फोन महत्त्वाचा. १०९८ हा बालकांसाठीचा नंबर आणि ११२, हे दोन्ही भिंतीवर रंगवून भागत नाही, फोन कुठला वापरायचा तेही मुलींना दाखवलेलं हवं.

आता मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट. काही घडलं आणि मुलगी काहीच करू शकली नाही, तर लोक विचारतात, "कराटे शिकली होती ना? मग मारलं का नाही?" आपण दिलेलं प्रमाणपत्र तिच्याच विरुद्धचा पुरावा बनतं. तुमच्यापैकी कुणी हे वाक्य बोलला असेल तर कृपा करून पुन्हा बोलू नका. भीतीने शरीर गोठतं. हात-पाय हलत नाहीत, आवाज फुटत नाही, आणि ते तिच्या हातात नसतं. स्टॉकहोममधल्या दवाखान्यात बलात्कारानंतर आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सत्तर टक्के स्त्रियांनी असं गोठणं लक्षणीय प्रमाणात अनुभवलं होतं. खऱ्या विरोधावरचा सराव हे गोठणं थोडं कमी करू शकतो, कारण छाती धडधडत असतानाही काहीतरी करायची शरीराला सवय होते. पण कुठलंही प्रशिक्षण त्याची हमी देत नाही. प्रशिक्षकाने ही गोष्ट मुलींना पहिल्याच आठवड्यात सांगायला हवी, म्हणजे उद्या तशी वेळ आली तर ती स्वतःला दोष देत गप्प बसणार नाही.

मुलांचं काय? सरकारी योजना मुलींची, पण खाजगी वर्गांत निम्म्याहून जास्त मुलगे असतात, आणि त्यांच्या बाबतीत आत्मरक्षण म्हणजे बहुधा स्वतःच्या तापट डोक्यापासून रक्षण. मिरवणुकीत डीजेपुढे धक्का लागला, कुणी स्टेटसवर काहीतरी टाकलं, की "बघून घेतो". त्यांना दोन गोष्टी सांगा. पहिली चाकूबद्दल. अमेरिकेत डेनिस ट्यूलर नावाच्या पोलीस प्रशिक्षकाने १९८३ मध्ये मोजून दाखवलं की चाकू हातात असलेला माणूस २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. आपल्या वर्गात फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत साधारण तेवढंच अंतर. चाकू हिसकावण्याचे जे डाव स्नेहसंमेलनात दाखवतात, त्यात चाकूवाला एकदाच वार करतो आणि हात तसाच लांब ठेवून वाट बघत उभा राहतो. खरा माणूस शिवणयंत्राच्या सुईसारखा लागोपाठ भोसकतो. चाकू दिसला की पळायचं, पळता येत नसेल तर मधे सायकल, बाक, दप्तर काहीही घालायचं, मोबाईल मागत असेल तर देऊन टाकायचा. यात कमीपणा नाही हे तुमच्या क्रीडाशिक्षकांच्या तोंडून मुलांनी ऐकायला हवं.

दुसरी गोष्ट कायद्याची. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क दिलाय. तो चांगला भक्कम आहे: बलात्कार, अपहरण किंवा ॲसिड फेकण्याच्या हेतूने हल्ला झाला तर हल्लेखोराचा जीव जाईपर्यंतही तो जातो. मुलींना हे ऐकून धीर येतो, "त्याला लागलं तर आपल्यावरच केस होईल" ही भीती फार खोलवर असते. पण त्याच कायद्यात असंही आहे की बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. समोरचा पळत सुटला आणि तुम्ही चौघांनी त्याला चौकात गाठून हाणलं, तर तो बचाव उरत नाही, तो तुमचा गुन्हा होतो. एका ठोशाने माणूस मागे पडून डोकं डांबरावर आपटलं की दोन घरं बसतात.

आणि कायद्याचं बोलतच आहे तर तुमच्याबद्दलही बोलते. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे, बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याची माहिती मिळालेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना द्यायची आहे. न दिल्यास कलम २१ खाली शिक्षा आहे. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद. शाळेचं नाव खराब होईल, मुलीचं लग्न अडेल, आपसात मिटवू, हे सगळं मी ऐकलेलं आहे. एका शाळेत तर माझ्या तासानंतर एका मुलीने धीर करून तोंड उघडलं, आणि पुढच्या आठवड्यात मलाच सांगण्यात आलं की मॅडम, तुम्ही फक्त व्यायाम घ्या. मुलीला ओरडायला शिकवायचं आणि तिने ओरडल्यावर दार लावून घ्यायचं, असं असेल तर खरंच कौलंच फोडा.

शासनाने २०२२ मध्ये प्रत्येक शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती नेमायला सांगितलं. तुमच्या शाळेत ती कागदावर असेलच. आत्मरक्षणाच्या तासाला तिच्यातल्या दोघी जणी प्रत्यक्ष हजर असाव्यात, म्हणजे सुटून पळालेली मुलगी मैदानाच्या कडेला ज्या बाईंना जाऊन सांगते त्या ह्याच असतील. सराव आणि खरी तक्रार, दोन्हीकडे तोच चेहरा. तक्रारपेटीची किल्ली कुणाकडे असते, ती किती दिवसांनी उघडते, हेही त्याच तासाला मुलींसमोर सांगून टाका. एसटीच्या डेपोत जाऊन वाहकांशी एकदा बोलून या; गाडीत मुलगी ओरडली तर गाडी थांबवायची की पोलीस ठाण्याशी न्यायची, हे त्यांचं आधीच ठरलेलं असेल तर मुलीच्या ओरडण्याला अर्थ येतो. मानव विकास कार्यक्रमाच्या, खास शाळकरी मुलींसाठीच्या बसने जाणाऱ्या मुली तर ठरलेल्याच असतात, त्यांच्यात मोठ्या वर्गातल्या दोघींनी लहान मुलींना मधे उभं करायचं, एवढं शिकवलं तरी बराच त्रास कमी होतो.

प्रशिक्षक निवडताना माणसाचा पट्टा किंवा भिंतीवरचे फोटो बघू नका. त्याचा एक तास बघा. मुली एकमेकींना खरंच धरतायत का? धरलेली मुलगी चुकली तर पुन्हा करायला वेळ मिळतोय का? तो मुलींना हात लावण्याआधी सांगतो का, विचारतो का? शक्य तिथे बाई प्रशिक्षक घ्या, नसेल तर शिक्षिकेशिवाय तास नको. एका वेळी तीसच्या वर मुली नकोत. ऐंशी असतील तर तीन तुकड्या करा आणि प्रत्येकीला कमी तास द्या, तरी चालेल. आणि तीन महिने संपल्यावर दर महिन्याला खेळाच्या एका तासात उजळणी, नाहीतर उन्हाळ्याच्या सुटीनंतर काहीही शिल्लक राहत नाही.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर ज्यांना हे करून बघायचंय त्यांनी मला बोलवावं, पहिल्या तासाचे पैसे नकोत. त्या दिवशी तुम्ही स्वतः मैदानावर हवेत, कारण घरी आलेल्या पाहुण्याची भूमिका मी तुम्हालाच देणार आहे आणि आठवीतली एखादी मुलगी तुमच्याकडे बघून "हात काढा" म्हणणार आहे. गणवेशाच्या चार जुन्या ओढण्या काढून ठेवा, ओढाताणीत फाटतील. आणि शेजारच्या वर्गांना व बाजूच्या घरांना आदल्या दिवशी सांगून ठेवा, आवाज होणार आहे.

कळावे,

आपली,
ज्युदो शिकवणारी एक बाई